हॉटेलातली हवा



ज्या डॉक्टरांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, ते रुग्णाला तपासण्याआधी 'काम काय करता?' असं विचारत. त्यांच्या हाताखाली उमेदवारी केलेल्या आम्हा सगळ्यांना ती सवय त्यांच्याकडूनच लागली. मी छातीच्या विकारांचा डॉक्टर आहे. खोकला किती दिवसांचा, कफ पडतो का, हे विचारण्याच्या आधी मीही काम विचारतो, आणि आजचा विषय त्याच प्रश्नातून आला आहे. हॉटेलं, खानावळी, परमिट रूम, ढाबे अशा ठिकाणी आपण पैसे देऊन बसून खातो-पितो. तिथल्या विडी-सिगारेटच्या धुराबद्दल आपल्या लोकांना काय वाटतं, ते वाटणं कसं बदलत गेलं आणि कुठे येऊन अडलं, याबद्दल मी बोलणार आहे.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. हॉटेलात धूर नको, असं आपल्याकडे बहुतेकांना फार पूर्वीपासून वाटत होतं. ते बोलायला आधार नव्हता. तो आधार कायद्याने दिला आणि मत झपाट्याने पुढे आलं. पण हे मत बनलं ते गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसून. जो माणूस त्याच हवेत रोज दहा-बारा तास उभा असतो, तो त्या मतात कुठेच नव्हता. अजूनही नाही. म्हणून आपला कायदा अर्ध्यावर थांबला आहे.

आपल्यापैकी पन्नाशी ओलांडलेल्यांना 'फॅमिली रूम' आठवत असेल. गावोगावच्या हॉटेलांत मागच्या अंगाला लाकडी फळ्यांचे कप्पे असत. पुरुषभर उंचीची पार्टिशनं, दाराला स्प्रिंगचं अर्धं फाटक नाहीतर पडदा, आत चार खुर्च्या. बाईमाणूस आणि पोरं बरोबर दिसली की गल्ल्यावरचा मालक तिथूनच 'फॅमिली आत' म्हणून हाळी देई. बाहेरचा हॉल पुरुषांचा. तिथे वर्तमानपत्र, राजकारण, कटिंग चहा आणि धूर. ही सोय बायकांच्या अब्रूसाठी आहे असं सगळे समजत, आणि ते खरंही होतं. पण त्या फळ्यांमध्ये धुराबद्दलचं आपलं मतही होतं. धुराचा त्रास बायकामुलांना होतो हे मालकाला ठाऊक होतं, गिऱ्हाइकाला ठाऊक होतं. उपाय काढला तो माणसं हलवण्याचा. धूर जिथल्या तिथेच राहिला. आणि फळी आढ्यापर्यंत पोचत नसे, त्यामुळे तो वरून आत येतच असे.

याला आणखी एक पदर आहे. आपल्या घरांत मुलगा बापासमोर सिगारेट ओढत नसे. चाळिशीचा, नोकरीला लागलेला, दोन मुलांचा बाप झालेला माणूससुद्धा वडिलांची चाहूल लागली की थोटूक खिडकीबाहेर टाकत असे. सासऱ्यांसमोर नाही, गुरुजींसमोर नाही. म्हणजे कुणासमोर ओढू नये याचा नियम आपल्याकडे पक्का होता, पण त्याचा आधार मान हा होता. शेजारच्याचा श्वास त्या नियमात येत नव्हता. पाच वर्षांच्या नातवाच्या डोक्यावर धूर सोडणारे आजोबा कुणाचाच अपमान करत नव्हते, म्हणून त्यांना कुणी अडवत नसे. घरातल्या या नजरांतून सुटण्याची जागा म्हणजे हॉटेल. इराण्याकडे एक चहा आणि एक सुट्टी सिगारेट घेऊन तासभर बसता येई, तिथे कुणी कुणाचा काका नसे. हॉटेलातली सिगारेट आपल्याकडे मोकळेपणाशी जोडली गेली ती अशी. मैत्री, कविता, संप, नाटकाच्या तालमी, प्रेमभंग, सगळं त्या धुरात झालं. त्या दिवसांबद्दल ज्यांना जिव्हाळा आहे त्यांना मी दोष देत नाही. त्या टेबलांवर खूप चांगलं काही घडलेलं आहे. ते धुरामुळे घडलं असं मात्र मला वाटत नाही.

आणि शेजारच्या टेबलावर ज्याला ठसका लागे तो काय करी? तोंडावर रुमाल धरी, खुर्ची सरकवी, लवकर आटपे. 'जाऊ द्या, कशाला वाईटपणा घ्या' हे वाक्य आपल्या समाजात फार काम करतं. अनोळखी माणसाला सिगारेट विझवा म्हणणं म्हणजे भांडण उकरून काढणं. शिवाय सांगायचं कशाच्या जोरावर? हॉटेल त्याच्याइतकंच माझं, पैसे दोघांनी मोजलेले. ही जी गप्प बसण्याची रीत होती, तिला पुढे हॉटेलचालकांनी आणि कंपन्यांनी लोकमत म्हणून दाखवलं. कुणाची तक्रार नाही, म्हणजे लोकांना चालतं.

आता कायद्याकडे येतो. १२ जुलै १९९९ रोजी केरळ उच्च न्यायालयाने सार्वजनिक ठिकाणचं धूम्रपान बेकायदा ठरवलं. त्याच वर्षी मुंबईचे एकेकाळचे महापौर मुरली देवरा याच मागणीसाठी सर्वोच्च न्यायालयात गेले, आणि २ नोव्हेंबर २००१ रोजी न्यायालयाने देशभरासाठी आदेश दिला. जगण्याच्या हक्काचा, म्हणजे राज्यघटनेच्या एकविसाव्या अनुच्छेदाचा आधार घेऊन न्यायालयाने विचारलं की जो ओढत नाही त्याने इतरांच्या धुराने आजारी का पडावं. त्या आदेशात जागांची यादी आहे. सभागृहं, रुग्णालयं, आरोग्यसंस्था, शाळा-महाविद्यालयं, ग्रंथालयं, न्यायालयं, सरकारी कचेऱ्या, रेल्वेसह सार्वजनिक वाहनं. ही यादी वाचताना मी प्रत्येक वेळी थबकतो, कारण तिच्यात हॉटेल नाही. जिथे माणूस नाइलाजाने जातो त्या जागा आधी धरल्या गेल्या. हॉटेलात तर हौसेने जातात, नको असेल त्याने जाऊ नये, हा विचार त्यामागे असावा. वेटर तिथे हौसेने जात नाही, ही गोष्ट तेव्हा कुणाच्या ध्यानात आली नाही.

२००३ च्या केंद्रीय कायद्याने, ज्याला सगळे 'कोटपा' म्हणतात, उपाहारगृहं यादीत घेतली. त्याच कलमात एक सवलतही ठेवली. तीस खोल्यांचं हॉटेल, तीस किंवा जास्त माणसं बसतील असं उपाहारगृह आणि विमानतळ यांना धूम्रपानासाठी वेगळी जागा ठेवता येईल. मग आले २००८ चे नियम, २ ऑक्टोबरपासून लागू झालेले. कँटीन, कॉफी हाउस, पब, बार, मेजवानीची सभागृहं, कामाच्या जागा, सगळं नावानिशी घातलं गेलं. हॉटेलवाल्यांच्या संघटना आणि सिगारेट कंपनी न्यायालयात गेल्या होत्या. सर्वोच्च न्यायालयाने नियमांना स्थगिती द्यायला नकार दिला तो अंमलाच्या तीन दिवस आधी.

त्या नियमांतल्या दोन साध्या गोष्टींनी मोठं काम केलं. पहिली म्हणजे पाटी. साठ सेंटिमीटर बाय तीस सेंटिमीटर, पांढऱ्या पार्श्वभूमीवर, इथे धूम्रपान हा गुन्हा आहे असं सांगणारी, दारात आणि प्रत्येक मजल्यावर. तक्रार कुणाकडे करायची त्याचं नावही लावायचं. दुसरी म्हणजे टेबलावरचा ॲशट्रे. काड्यापेटी, लायटर, ॲशट्रे यांतलं काहीही तिथे पुरवायचं नाही, ही मालकाची जबाबदारी झाली. टेबलावर मिठाच्या डबीशेजारी काचेचा ॲशट्रे मांडलेला असणं हे आमंत्रण होतं. ते उचललं गेलं त्या दिवशी हॉटेलचा रिवाज पालटला. आता सिगारेट पेटवणाऱ्याला राख कुठे झाडायची हा प्रश्न पडू लागला. बशीत झाडली तर पोऱ्या बघतो, शेजारचा बघतो. आणि शेजारच्याच्या हातात पाटी आली. 'मला त्रास होतो' असं म्हणायला जे धैर्य लागतं ते 'तिथे लिहिलंय' म्हणायला लागत नाही. दंड दोनशे रुपये आहे, आणि तो किती वेळा वसूल होतो हे आपण सगळे जाणतो. फरक पडला तो त्या वाक्यामुळे.

देशव्यापी प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात हा फरक दिसतो. उपाहारगृहात दुसऱ्याच्या धुराला सामोरं जावं लागलं असं सांगणाऱ्यांचं प्रमाण २००९-१० मध्ये ११.३ टक्के होतं, २०१६-१७ मध्ये ते ७.४ वर आलं. घरातल्या धुराचं प्रमाणही याच काळात ५२.३ वरून ३८.७ वर आलं, आणि घरात तर कुणी पाटी लावलेली नव्हती. बाहेरची रीत माणसं घरी घेऊन गेली, असा मी याचा अर्थ लावतो.

मत आधी की रीत आधी, याचं सगळ्यात स्वच्छ उत्तर आयर्लंडने दिलं. २९ मार्च २००४ रोजी त्या देशाने सगळ्या कामाच्या जागांत, पबसह, धूम्रपान बंद केलं. असं करणारा तो पहिला देश. आयरिश पब म्हणजे नुसतं दारूचं दुकान नव्हे. आपल्या गावातला पार, कट्टा आणि हॉटेल मिळून जे होईल ते. आरोग्यमंत्री मीहॉल मार्टिन यांच्यावर टीकेची झोड उठली, पब ओस पडतील अशी भाकितं झाली. त्या वेळी संशोधकांनी धूम्रपान करणाऱ्यांनाच कायद्याच्या आधी आणि नंतर विचारलं. ओढणाऱ्यांना, हे लक्षात घ्या. उपाहारगृहांत पूर्ण बंदी हवी असं म्हणणारे आधी ४५ टक्के होते, वर्षाच्या आत ७७ टक्के झाले. पबमधल्या बंदीच्या बाजूने आधी फक्त १३ टक्के होते, नंतर ४६. आणि ८३ टक्के ओढणाऱ्यांनी हा कायदा चांगला झाला असं सांगितलं. त्यांच्यापुढे कुणी नवीन युक्तिवाद केला नव्हता. त्यांनी स्वच्छ हवेत बसून बिअर प्यायली आणि त्यांना ते आवडलं. म्हणून 'अजून लोकांची मानसिकता तयार नाही' असं जेव्हा आपले पुढारी म्हणतात, तेव्हा मला ते पटत नाही. बसायला स्वच्छ जागा मिळण्याआधी ही मानसिकता तयार होत नाही.

गिऱ्हाईक तुटेल, या भीतीबद्दल थोडक्यात सांगतो, कारण त्यावर आता वाद उरलेला नाही. २००३ साली जगभरातले ९७ अभ्यास एकत्र तपासले गेले. विक्रीकराचे आकडे वगैरे भक्कम आधार घेऊन, नीट आखलेल्या अभ्यासांत धंद्याला तोटा आढळला नाही. २००९ साली कर्करोगावर काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेनेही तोच निष्कर्ष काढला. तोटा दाखवणारे अभ्यास बहुतेक तंबाखू उद्योगाच्या पैशावर झालेले होते. याच उद्योगाने १९९० च्या दशकात हॉटेलचालकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेला हाताशी धरून 'कर्टसी ऑफ चॉइस' नावाची मोहीम चालवली. ओढणारे आणि न ओढणारे यांनी एकमेकांशी सौजन्याने वागावं, हवा खेळती ठेवावी, कायदा कशाला, अशी तिची मांडणी. हे सौजन्य दोन गिऱ्हाइकांमधलं आहे, हे पाहा. त्या चित्रातही ट्रे घेऊन उभा असलेला माणूस नाही.

त्या माणसाकडे आता वळतो.

कॅलिफोर्नियात उपाहारगृहं १९९५ सालीच धूरमुक्त झाली होती, बार मात्र १ जानेवारी १९९८ पासून. सॅन फ्रान्सिस्कोतल्या डॉक्टरांनी त्या तारखेच्या आधी आणि नंतर ५३ बारटेंडर तपासले. आधी त्यांतल्या ३९ जणांना खोकला, घरघर, धाप, कफ यांपैकी काहीतरी होतं. कायदा लागू झाल्यावर दोन महिन्यांच्या आत त्या ३९ पैकी २३ जणांची तक्रार पूर्ण गेली. औषध दिलेलं नव्हतं. फक्त त्यांच्या कामाच्या जागेची हवा बदलली होती. त्यांच्यात स्वतः ओढणारेही होते आणि त्यांच्याही श्वासात सुधारणा मोजता आली. माझ्या व्यवसायात इतक्या थोड्या दिवसांत इतका फरक दाखवणारे उपचार फार थोडे आहेत.

कॅनडातल्या ओटावाची हेदर क्रो ही बाई चाळीस वर्षं हॉटेलांत वाढप्याचं काम करत होती. आयुष्यात सिगारेट ओढली नाही. २००२ साली तिला फुप्फुसाचा कर्करोग निघाला. कामावरच्या धुरामुळे आजार झाला हे तिथल्या कामगार भरपाई मंडळाने मान्य केलं, आणि राहिलेल्या आयुष्यात ती देशभर फिरून, दूरदर्शनवरच्या जाहिरातीत येऊन, आपण या आजाराने जाणाऱ्या शेवटच्या वाढपी असावं एवढंच सांगत राहिली. २००६ साली ती गेली. कॅनडातल्या एकामागून एक प्रांतांनी कायदे केले त्यात तिचा मोठा वाटा आहे.

आपल्याकडे हेदर क्रो झाली नाही. पण तिच्यासारखा माणूस आपल्याकडे नाही असं मात्र नाही. माझ्याकडे एका परमिट रूममधला वेटर येत असे. पंचेचाळिशीचा, मराठवाड्यातला, पोरगेला असताना कपबशा विसळायला लागलेला. 'डॉक्टर, मी सुपारीसुद्धा खात नाही,' हे त्याने पहिल्याच भेटीत सांगितलं, जणू त्याच्यावर कुणी आरोप केला होता. नळीत फुंकायची तपासणी केली तर पूर्ण श्वास सोडायला त्याला वेळ लागत होता. वायुमार्ग आकसले होते. काम विचारलं. सकाळी अकराला दुकान उघडायचं, रात्री एक वाजता बंद. ॲशट्रे ठेवायचा नाही म्हणून मालक प्लॅस्टिकचा ग्लास पाण्याने अर्धा भरून टेबलाखाली देत असे. गिऱ्हाईक उठलं की तो ग्लास उचलून मोरीत ओतायचा, थोटकं वेगळी काढायची, आणि त्याच हाताने फडकं मारून पुढच्या गिऱ्हाइकापुढे शेंगदाणे ठेवायचे. रात्री घरी गेलं की बायको सदरा आत आणू देत नसे, दाराबाहेरच्या खिळ्याला टांगायला लावी. धाकट्याला दमा होता. वेटरचा आजार फक्त या धुराने झाला असं मी छातीठोकपणे सांगणार नाही. लहानपणी तो चुलीपाशी वाढला होता आणि चुलीचा धूरही फुप्फुसं खातो. पण काम बदललं तर बरं, असं मी म्हणालो तेव्हा त्याने विचारलं, 'दुसरीकडं कुठं धूर नाही?' त्याच्या माहितीतल्या पाच-सहा परमिट रूमची नावं त्याने घेतली. सगळीकडे तोच ग्लास होता.

धूर काय करतो ते या सभेत लांबण लावून सांगायला नको. त्यात सात हजारांवर रसायनं असतात, त्यांतली सत्तरएक कर्करोगकारक. अमेरिकेच्या सर्जन जनरलने २००६ च्या अहवालात स्पष्ट म्हटलं की दुसऱ्याच्या धुराची निर्धोक अशी मात्राच नाही. गिऱ्हाइकाला तो धूर तासभर मिळतो, आठवड्यातून एखाद्या वेळी. वेटरला पाळीभर, रोज.

कायद्यातल्या त्या सवलतीकडे परत येतो. २००८ च्या नियमांनी धूम्रपान कक्ष कसा असावा हे बारकाईने सांगितलं आहे. चारही बाजूंनी आढ्यापर्यंत भिंती, आपोआप मिटणारं दार, आतली हवा बाहेर खेचून थेट इमारतीबाहेर सोडणारी यंत्रणा, आणि आतला दाब बाहेरच्यापेक्षा कमी, म्हणजे दार उघडलं तरी धूर हॉलमध्ये येऊ नये. कागदावर फॅमिली रूमची फळी आढ्याला भिडली. पण ज्या खोल्या मी पाहिल्या आहेत त्यांत काचेचं दार वीट लावून उघडं ठेवलेलं असतं, पंखा बंद असतो. हवा खेळती ठेवण्याच्या शास्त्रात ज्यांचा शब्द प्रमाण मानतात त्या अमेरिकी अभियंत्यांच्या संस्थेने २००५ सालीच सांगून टाकलं की वायुवीजनाने हा धोका नाहीसा होत नाही. इमारतीत ओढणंच बंद करावं लागतं. जागतिक तंबाखू करारावर आपण २००४ साली शिक्कामोर्तब केलं आहे, आणि त्या कराराच्या २००७ च्या मार्गदर्शक तत्त्वांतही असे कक्ष नकोत असंच म्हटलेलं आहे.

या सवलतीतूनच हुक्का आत आला. मुंबई महापालिकेने २०११ साली खाद्यगृहांच्या परवान्यात हुक्क्याला मनाई करणारी अट घातली; धूम्रपान कक्षात कायद्याने ओढता येतं तर हुक्का का नाही, या मुद्द्यावर २०१४ च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयात हुक्का पार्लरवाले जिंकले. २०१७ च्या मे महिन्यात केंद्राने नियम दुरुस्त केला आणि कक्षात कोणतीही सेवा देता येणार नाही असं बजावलं. त्या वर्षाच्या शेवटी, २८-२९ डिसेंबरच्या मध्यरात्री, मुंबईत कमला मिलच्या आवारात गच्चीवरच्या उपाहारगृहांना आग लागून १४ जण गेले. अग्निशमन दलाच्या चौकशीने हुक्क्याच्या निखाऱ्यांकडे बोट दाखवलं. पुढच्या वर्षी महाराष्ट्राने हुक्का पार्लरवर बंदीचा कायदा केला, तीन वर्षांपर्यंत कैदेचा. २०२३ साली वनौषधी हुक्क्याच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने सांगितलं की खाद्यगृहाच्या परवान्यात हुक्का आपोआप बसत नाही. अटीपासून इथवर यायला बारा वर्षं लागली. माझ्याकडे येणारी कॉलेजची मुलं अजूनही हुक्का म्हणजे पाण्यातून गाळलेली, फळांच्या वासाची निरुपद्रवी वाफ समजतात. तासभराच्या बैठकीत एका सिगारेटच्या शंभर ते दोनशे पट धूर आत जातो, असं जागतिक आरोग्य संघटनेचं म्हणणं आहे. ते ऐकल्यावर ती गप्प होतात. आणि हुक्का भरून देणारा, निखारे फुंकून लाल करणारा पोऱ्या त्यांच्याच वयाचा असतो.

मला नेहमी विचारतात की महाराष्ट्रात ओढणारे आहेतच किती. प्रश्न रास्त आहे. २०१६-१७ च्या सर्वेक्षणात राज्यात ओढणारे प्रौढ अवघे ३.८ टक्के, तर तंबाखू खाणारे २४.४ टक्के. आपला मोठा शत्रू चुना-तंबाखू, मिश्री आणि गुटखा हाच आहे, आणि टाटा रुग्णालयातल्या तोंडाच्या कर्करोगाच्या रांगा त्याची साक्ष देतात. पण ३.८ टक्के या आकड्याकडे दुसऱ्या बाजूने बघा. शंभरांतले शहाण्णव जण ओढत नाहीत, तरी चार जणांसाठी खोली बांधण्याची मुभा कायद्यात ठेवली आहे. एवढं मोठं बहुमत बाजूने असताना ही सवलत रद्द करण्यात महाराष्ट्राला अडचण काय? केंद्राच्या २०२० च्या दुरुस्ती मसुद्यात ती काढून टाकण्याचा प्रस्ताव होता. मसुदा कायदा झाला नाही. हुक्क्याच्या बाबतीत राज्याने स्वतःची दुरुस्ती करून दाखवली आहे. तोच मार्ग इथेही मोकळा आहे.

सिन्नर, सोलापूर, गोंदिया इथल्या विडी कामगार बायकांचं काय, हेही मला विचारतात. त्यांची मजुरी, त्यांचं आरोग्य, त्यांना दुसरं काम देणं हा मोठा आणि निकडीचा प्रश्न आहे. त्याचं उत्तर परमिट रूमच्या वेटरने आपल्या छातीवर घ्यावं, हे मला मान्य नाही.

ओढणाऱ्या माणसाबद्दल माझ्या मनात राग नाही. माझे निम्मे रुग्ण तेच आहेत. त्याच २०१६-१७ च्या सर्वेक्षणात निम्म्याहून अधिक ओढणाऱ्यांनी सोडायचा विचार आहे असं सांगितलं. पाकिटावर छापलेल्या १८००-११-२३५६ या क्रमांकावर फोन करणारे तेच. त्यांना मी एकच सांगतो की हॉटेलात बसून ओढायची नाही एवढं जरी ठरवलं तरी दिवसाच्या दोन-तीन सिगारेटी आपोआप गळतात, आणि सोडण्याची सुरुवात पुष्कळांची तिथूनच होते.

शेवटी एक मागणी मांडतो आणि थांबतो. अन्न परवान्याच्या २०११ च्या नियमांनुसार हॉटेलात अन्न हाताळणाऱ्या प्रत्येक कामगाराची वर्षातून एकदा वैद्यकीय तपासणी करून दाखला ठेवावा लागतो. त्याच्यापासून गिऱ्हाइकाला काही संसर्ग होऊ नये म्हणून ही तपासणी आहे, आणि ती हवीच. गिऱ्हाइकाच्या धुराने त्या कामगाराला काय झालं, हे मात्र त्या दाखल्यात कुठे विचारलेलं नाही. राज्याच्या आरोग्य खात्याने आणि अन्न प्रशासनाने मिळून, जिथे धूम्रपान कक्ष आहे किंवा दारू दिली जाते अशा सगळ्या जागांतल्या कामगारांसाठी या वार्षिक तपासणीत श्वासाची फुंकून करायची तपासणी घालावी, तिचा खर्च मालकाने द्यावा, आणि निष्कर्ष जिल्हावार जाहीर करावेत. यंत्र हातात मावेल एवढं असतं, तपासणीला दहा-पंधरा मिनिटं पुरतात. आपल्या शहरात ही तपासणी विनामूल्य सुरू करायची आमच्या काही डॉक्टरांची तयारी आहे. हॉटेलचालक संघटनेचे पदाधिकारी आज समोर बसले आहेत. त्यांनी आपल्या सभासदांची आणि कामगारांची यादी द्यावी, आम्ही पुढच्या महिन्यात कामाला लागतो.